डब्याचं झाकण आपल्या हातात

(महासंघाच्या नागापूर येथील सभेत एका प्रशिक्षक ताईंनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. ताईंची बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बायांना लवकर उठायचंय, मला माहितीय. त्यामुळं पाल्हाळ लावत नाही. मला विषय दिलाय ‘ऑनलाइन सुरक्षितता’. हा शब्द ऐकला की अर्ध्या जणींना झोप येते आणि अर्ध्या जणींना वाटतं, हे शहरातल्या शिकलेल्या पोरींचं काम. म्हणून मी मोबाईलपासून सुरुवातच करत नाही. डाळीच्या डब्यापासून करते.

इथं कोण अशी आहे, जिनं आयुष्यात कधी डाळीच्या, नाहीतर तांदळाच्या डब्यात पैसे ठेवले नाहीत? हात वर करा. बघा, एकही हात नाही! आपल्या आयांनी ठेवले, आज्यांनी ठेवले. ती चोरी होती का? नाही. पोराची फी, दवाखाना, माहेरी जायचं एसटीचं भाडं, यासाठी चार पैसे कुणाच्या नजरेत येऊ नयेत, एवढंच. डबा घरातच होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. फक्त झाकण कधी काढायचं ते ती बाई ठरवायची. आपला बचत गट तरी कशातून उभा राहिला? त्याच डब्यातून.

आता त्या डब्यात पैसे नाहीत नुसते. आधार नंबर आहे, खाते नंबर आहे, अंगठ्याचा ठसा आहे, आपला फोटो आहे, आपण कुणाशी काय बोललो ते आहे. आणि डब्याला झाकणच नाही. मी आज फक्त या झाकणाबद्दल बोलणार आहे.

कुणी म्हणेल, “मला काय लपवायचंय? मी काय गुन्हा केलाय?” हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते. अहो, न्हाणीघराला दार आपण गुन्हा करतो म्हणून लावतो का? आणि हे माझं मत नाही फक्त. के. एस. पुट्टस्वामी म्हणून कर्नाटकातले निवृत्त न्यायाधीश होते. वयाची ऐंशी ओलांडल्यावर ते आधारच्या विषयावर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. म्हणजे कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हणालं, तर ‘हक्क आहे माझा’ म्हणायला आपल्याला जागा आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मी सीआरपी होते. एक दिवस वरून निरोप आला, विम्याची यादी संध्याकाळपर्यंत पाहिजे. तुम्हाला माहितीय हे निरोप कसे येतात. सकाळी येतो, संध्याकाळपर्यंत म्हणतो. मी घरोघर फिरले, वहीच्या दोन पानांवर अडतीस बायांची नावं लिहिली. नाव, वय, आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल, वारसाचं नाव. अक्षर सुंदर काढलं होतं, रेघा पट्टीनं मारल्या होत्या. आणि त्या दोन पानांचा फोटो काढून ग्रुपवर टाकून दिला. ग्रुपवर शंभराच्या वर माणसं. साहेबांनी अंगठा दाखवला, ‘गुड’ म्हणून लिहिलं. मी खूश.

दोन आठवड्यांनी आमच्या एका ताईला फोन आला. समोरचा माणूस गोड मराठीत बोलला. “ताई, तुमच्या विम्याचा हप्ता गेला नाही, खाते बंद पडेल.” त्यानं तिचा खाते नंबर सांगितला. वारस म्हणून सासूचं नाव सांगितलं. आता सांगा, सासूचं नाव ज्याला माहितीय तो बँकेचाच असणार ना? तिनं ओटीपी दिला. नऊ हजार चारशे रुपये गेले. शेळी विकलेले पैसे होते ते.

माझ्या फोटोतूनच माहिती गेली, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. दुसरीकडूनही गेली असेल. पण मी त्या रात्री ग्रुप उघडून एकेक नंबर बघत बसले. जवळजवळ चाळीस नंबर असे निघाले की ते कुणाचे, कुणालाच सांगता येईना. नोकरी सोडून गेलेले, बदली झालेले, कुणाच्या भाच्याचा फोन, कुठल्या औषध विकणाऱ्याचा. ती यादी मी चव्हाट्यावर भिंतीला चिकटवली असती तर गावातली चार माणसं वाचून गेली असती. इथं तर तिची नक्कल किती फोनमध्ये बसली याचा हिशोबच नाही. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला तरी ज्यांच्या फोनमध्ये उतरला तिथं तो राहतोच.

मी त्या ताईकडं गेले, पैसे भरून देते म्हणाले. ती म्हणाली, “तू काय मुद्दाम केलं का? बस, चहा घे.” तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही, अजून आठवतो.

तेव्हापासून आमच्या ग्रामसंघात यादी ग्रुपवर जात नाही. ज्याला पाहिजे त्या एका माणसाला जाते, नाहीतर कागदावर हातात देतो आणि पोच घेतो. आधारचे शेवटचे चार आकडे लिहितो, पूर्ण नंबर फक्त जिथं अर्जात लागतो तिथंच. सोडून गेलेल्याचा नंबर त्याच महिन्यात ग्रुपमधून काढतो. आणि वरून कितीही घाईचा निरोप आला तरी आमचं उत्तर ठरलेलं आहे: “साहेब, बायांच्या खात्याचे नंबर ग्रुपवर टाकत नाही. तुमच्या एकट्याच्या नंबरवर पाठवते, नाहीतर उद्या घेऊन येते.” पहिल्यांदा साहेब चिडले. दुसऱ्यांदा नाही चिडले. आता या सभेत मला महासंघाला विनंती करायचीय की हा ठराव सगळ्या ग्रामसंघांनी करावा. चोराच्या नावानं बोटं मोडण्याआधी आपल्या हातातून काय सांडतं ते बघू.

आधार असं बाहेर सांडल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलेलं आहे. २०२४ च्या जुलैपासून आपण लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरत होतो, आठवतंय ना? अंगणवाडीत रांगा, सेतूत रांगा. त्याच सुमारास नवी मुंबईत खारघरच्या एका बाईचा अर्ज काही केल्या भरला जाईना. तिच्या आधार नंबरवर आधीच अर्ज झालेला होता, आणि पैसे भलत्याच खात्यात जात होते. शोध घेतला तर धागा निघाला सातारा जिल्ह्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये हे सगळ्या पेपरांत आलं होतं. वेगवेगळ्या बायांचे आधार वापरून तिथून तीसेक अर्ज केलेले होते. म्हणजे खारघरची बाई, साताऱ्याचं खातं, एकमेकांची तोंडओळखही नाही. आधार कुठंतरी उघडं पडलेलं होतं, एवढंच पुरलं.

मग आधार द्यायचंच नाही का? असं चालत नाही आपलं. पण थोडं झाकून देता येतं. आधारच्या सरकारी संकेतस्थळावर ‘मास्क्ड आधार’ मिळतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. लॉजमध्ये, कुठं ओळखपत्र दाखवायला, एवढं पुरतं. सरकारी योजनेत पूर्ण नंबर लागतो तिथं झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी दिलंय आणि तारीख, आणि त्यावरून सही ओढा. ‘फक्त अमुक योजनेसाठी’ असं लिहिलेला कागद दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं.

आणि झेरॉक्सच्या दुकानाचं बघा. आपण काय करतो? दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, पासबुक, सगळं पाठवतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो आणि घरी. त्याच्या फोनमध्ये आख्ख्या गावाचं आधार साठलेलं असतं. तो चांगलाही असेल. पण त्याचा फोन चोरीला गेला तर? तिथं उभं राहून म्हणायचं, “दादा, माझ्यासमोर डिलीट करा.” लाज कसली त्यात? डाळ तोलताना आपण काट्याकडं बघतोच की.

आता अंगठा. बँक सखीकडं किंवा बीसीकडं आपण अंगठा लावून पैसे काढतो. सोय फार चांगली आहे, तालुक्याला जायची खेप वाचते. पण अंगठा ही अशी किल्ली आहे की ती हरवली तर दुसरी करून मिळत नाही. पासवर्ड बदलता येतो, बोट कसं बदलणार? देशात काही ठिकाणी कागदपत्रांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी पकडलेत. यात ओटीपी येत नाही, एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघू शकते, आणि मेसेज वाचता आला नाही तर आपल्याला कळतही नाही.

यावर उपाय आहे, फुकट आहे, आणि मला वाईट वाटतं की तो फार थोड्या जणींना माहितीय. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. सरकारी ॲपवर किंवा संकेतस्थळावर एकदा लॉक केलं की तुमच्या ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही. अगदी तुम्हीसुद्धा नाही. म्हणून रेशनला जाताना किंवा बीसीकडं बसताना ते थोड्या वेळापुरतं उघडायचं, काम झालं की ते पुन्हा बंद होतं. यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, आणि तो नंबर तुमच्या हातातला पाहिजे. मागच्या महिन्यात एका गटात विचारलं, वीसपैकी अकरा जणींचा आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर बंद पडलेला. हे पहिलं दुरुस्त करा. मदतीला आधारचा १९४७ नंबर आहे. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेच साल, विसरायला होत नाही.

लॉकची एक अडचण मी लपवत नाही. ज्या म्हाताऱ्या आजीकडं साधा फोन आहे, जिला प्रत्येक वेळी उघडून द्यायला कुणी नाही, तिला लॉक करून दिलं तर ती रेशनच्या दुकानात अडकेल. तिला करू नका. तिचं पासबुक दर महिन्याला भरून आणा, तेवढंही पुष्कळ झालं.

लिंकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावर पोलिसांचं पत्रक तुम्ही वाचलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली आणि लगेच खोटी संकेतस्थळं निघाली, दिसायला हुबेहूब. सरकारी पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. पत्त्याची शेपूट बघायची, म्हैस घेताना दात बघतो तशी. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, नाहीतर वाहनाचं चलन म्हणून एपीके नावाची फाईल येते, ती उघडायची नाही. लग्नाला बोलवायचं असेल तर माणूस फोन करेल. कर्जाच्या ॲपचंही तेच. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय की कर्ज देणाऱ्या ॲपनं तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघायची नाही. जे ॲप कर्ज देण्याआधी सगळे नंबर मागतं, ते उद्या हप्ता चुकला की तुमच्या व्याह्यांना फोन लावणार. गटातून अंतर्गत कर्ज घ्या, आपल्या गटात फार तर मीटिंगमध्ये चार शब्द ऐकावे लागतील.

आता अवघड भाग. हा मी पुरुष बसलेल्या सभेत बोलत नाही. आज आपणच आहोत म्हणून बोलते.

आपल्यातल्या निम्म्या जणींच्या फोनवर सगळ्यात जास्त नजर कुणाची असते? चोराची नाही. घरातल्याची. फोन घरात एकच, नाहीतर बाईचा असला तरी ‘दाखव बघू’ म्हणून कधीही हातातून घेतला जातो. आणि ज्यांना फोन चालवता येतो त्या पोरालाच आपण सगळं सांगतो, “बाळा, तूच टाक पासवर्ड.” पोरगं गुणी असेल तर ठीक. नसेल तर गटाचं कर्ज खात्यावर आलं की ते त्याला आपल्याआधी कळतं.

प्रशिक्षणात सांगतात, फोनला लॉक लावा, व्हॉट्सॲपला लॉक लावा, चॅट लपवा. सगळं बरोबर आहे. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून एक जागा आहे, ती प्रत्येकीनं आज उघडून बघा. तिथं तुम्हाला माहीत नसलेला संगणक किंवा फोन दिसला, तर तुमचे मेसेज दुसरीकडं वाचले जातायत. तिथूनच त्याला बाहेर काढता येतं. सहा आकड्यांचा पिन लावता येतो, तो लावा, म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर कुणी सहज सुरू करू शकणार नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज मधल्या रस्त्यात कुणी वाचू शकत नाही, ही सोय २०१६ पासून सगळ्यांना आहे. पण फोनच ज्याच्या हातात आहे त्याला रस्त्यात वाचायची गरजच काय?

पण मी एक गोष्ट बघितलीय आणि ती कुठल्या पुस्तिकेत नव्हती. एका ताईनं प्रशिक्षणातून घरी जाऊन त्याच रात्री फोनला लॉक लावलं. नवऱ्यानं विचारलं, “कोण आहे तो?” पुढचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ती गटाला आली तेव्हा पदर डोक्यावरून ओढून बसली होती. तेव्हा मला कळलं, काही घरांत कुलूप दिसणं हाच धोका असतो. जिच्या घरी असं आहे तिनं लॉक लावू नये. तिनं फोन उघडाच ठेवावा आणि तिच्या नाजूक गोष्टी त्या फोनवर ठेवूच नयेत. महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करायचा असेल तर तो घरच्या फोनवरून करू नका, कॉलच्या यादीत दिसतो. ग्रामसंघाच्या कार्यालयातून करा, मैत्रिणीच्या फोनवरून करा. जीवावर आलं तर मात्र कुठलाही फोन, ११२. कागदपत्रांच्या नकला, पासबुकाची झेरॉक्स, दागिन्यांच्या पावत्या फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यापेक्षा गटातल्या एका भरवशाच्या बाईकडं पिशवीत ठेवा. ही सगळ्यात जुनी युक्ती आहे आणि अजून तिला तोड नाही.

आता लेकींचं. इथं बसलेल्या कितीतरी जणींच्या मुली नगरला कॉलेजला जातात. मुलीचा फोटो कुणीतरी उचलतो, त्यावर भलतंच काहीतरी जोडतो आणि धमकावतो, पैसे दे नाहीतर व्हायरल करतो. नाहीतर ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच फोटो ठेवलेला असतो. अशी पोर आईकडं येत नाही, विहिरीकडं जाते. का? कारण तिला माहीत असतं की आई पहिलं वाक्य काय बोलणार: “तू फोटो दिलाच कशाला?” आणि दुसरं, “आजपासून फोन बंद, कॉलेज बंद.”

कायदा काय म्हणतो ते ऐका. बाईच्या खासगी क्षणाचा फोटो, तिनं काढायला संमती दिली असली तरी, तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला पाठवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७७ कलमात हे आहे. काढायला हो म्हटलं म्हणजे वाटायला हो म्हटलं असं होत नाही. कायद्याला हे कळलं, आपल्यालाही कळायला हरकत नाही.

अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. त्याचा नंबर, त्याचं अकाउंट, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक करायचं. ‘स्टॉप एनसीआयआय’ म्हणून एक फुकट सोय आहे, २०२१ पासून. अठरा वर्षांवरच्या मुलीसाठी. तिची गंमत अशी की फोटो कुणालाच पाठवावा लागत नाही. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक ठसा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा आकड्यांचा, आणि तो फेसबुक, इन्स्टाग्राम अशा कंपन्यांकडं जातो. तोच फोटो तिथं कुणी चढवायला गेला तर ओळखून अडवता येतो. अठराच्या आतल्या मुलींसाठी ‘टेक इट डाउन’ म्हणून तशीच सोय आहे, आणि त्यांच्या बाबतीत पॉक्सोचा कडक कायदा लागतो.

तक्रार कुठं? पैसे गेले असतील तर १९३०, आणि त्याच तासात. आमच्या ताईनं दुसऱ्या दिवशी केला, तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेले होते. बाकी तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर होते, नाहीतर कुठल्याही पोलीस ठाण्यात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य नंबरनं गुन्हा घ्यावा लागतो. आणि बाई-मुलींच्या अश्लील फोटोंबद्दल त्या पोर्टलवर नाव न सांगता तक्रार करायची सोय आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, नाव न देता केली तर पुढं तिचं काय झालं ते आपल्याला बघता येत नाही. शेजारच्या पोरीचा फोटो गावात फिरतोय, तुम्हाला दिसला, पण भांडण अंगावर घ्यायची ताकद नाही, अशा वेळी ही वाट उपयोगी आहे. निदान तो फोटो पुढं तरी पाठवू नका, ‘बघा कसं झालं’ म्हणूनसुद्धा नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात तर पीडितेची ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण सखीनं विचारलं, “मॅडम, नेटवर पूर्ण नाव लपवून राहता येतं का? ते टोर का काय असतं?” प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर आपल्या नगर जिल्ह्याला शोभेल असं आहे. टोरच्या नावातच कांदा आहे! इंग्रजीत त्याला ‘कांद्याचा रस्ता’ अशा अर्थाचं नाव आहे. नेप्तीच्या बाजारात कांदा बघितलाय ना? पापुद्र्यावर पापुद्रा. टोरमध्ये आपला निरोप असाच तीन पापुद्र्यांत गुंडाळतात आणि तीन संगणकांतून पाठवतात. पहिला एक पापुद्रा काढतो, त्याला एवढंच कळतं की कुणाकडून आलं. मधल्याला फक्त मागचा आणि पुढचा कळतो. शेवटच्याला कळतं कुठं जायचंय, पण कुणी पाठवलं ते कळत नाही. आख्खा कांदा एकाच्याही हातात नसतो. गंमत म्हणजे याचा शोध १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत लागला. आज पत्रकार वापरतात, हुकूमशाहीतली माणसं वापरतात, आणि हो, लबाड माणसंही वापरतात. चाकूनं भाजीही चिरतात.

आपल्याला ते रोज लागतं का? माझं मत, नाही. त्यात स्वतःचं नाव टाकून फेसबुक उघडलं तर सगळे पापुद्रे वाया. फुकटच्या व्हीपीएनच्या मागं तर अजिबात लागू नका, तुमचं नेटवरचं सगळं जाणं-येणं त्याच्याच हातातून जातं, आणि फुकट देणारा कशातून कमावतो ते विचारा. आणि ब्राउझरमधलं ‘इन्कॉग्निटो’, ज्यावर पोरांचा फार भरवसा, ते फक्त त्या फोनवर काय बघितलं त्याची नोंद ठेवत नाही. नेटच्या कंपनीपासून, संकेतस्थळापासून काही लपत नाही. सेतूच्या संगणकावर बसलात तर ते जरूर वापरा, आणि उठताना लॉगआउट करा.

पण त्या पोरीनं नाव लपवण्याचं का विचारलं, ते मी नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं. तिच्या कामाच्या ठिकाणी एक मुकादम त्रास देतो. तिला तक्रार करायचीय, नोकरी घालवायची नाही. तिला मी टोर सांगितलं नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती लागते, तिथली चौकशी आणि तक्रार करणारीचं नाव गुप्त ठेवणं हे कायद्यातच आहे. नसेल समिती तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आम्ही दोघी मिळून अर्ज लिहिणार आहोत, हातानं, कागदावर. कुठल्या कंपनीत, कुठल्या गावची, हे मी इथं सांगणार नाही आणि तुम्हीही तिला शोधत बसू नका.

आता बाहेर पडवीत दोन टेबलं मांडलीत. पहिल्यावर बँक सखी बसल्यात, आधारचं लॉक आणि मास्क्ड आधार करून देतील. फोन तुमच्याच हातात राहील, बोट तुमचंच फिरेल, त्या फक्त सांगतील. दुसऱ्यावर मी बसते, व्हॉट्सॲपसाठी. ज्यांच्या आधारला चालू मोबाईल जोडलेला नाही त्यांच्यासाठी एक रजिस्टर ठेवलंय, आपण एक दिवस ठरवून सगळ्या मिळून आधार केंद्रावर जाऊ. रजिस्टरमध्ये नाव आणि गटाचं नाव लिहा. आधार नंबर लिहू नका गं बायांनो, सकाळपासून दोघींनी लिहिलाय, तो मी खोडलाय.